घर सोडताना द्यायची चिकटवही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



कमिटीने मला सांगितलं, 'काका, मुलांना मार्गदर्शनपर चार शब्द बोला.' मी म्हटलं, मुलांना मार्गदर्शन करणारे आता पुष्कळ आहेत, ते चोवीस तास मोबाइलवर हजर असतात. मला बोलायचंय ते मुलांच्या आईवडिलांशी आणि आजी-आजोबांशी. मुलांनी ऐकलं तरी हरकत नाही. विषय आहे चिकटवही.

मागच्या रांगेत हसू आलेलं दिसतंय. चिकटवही म्हटलं की आपल्याला शाळेतली आठवते. झाडांची पानं, पक्ष्यांची चित्रं, काडेपेट्यांचे छाप, पंधरा ऑगस्टच्या पेपरातले नेत्यांचे फोटो. ती बाईंना दाखवायची, दहापैकी आठ मार्क घ्यायचे आणि वर्षाच्या शेवटी रद्दीत घालायची. मी म्हणतो ती चिकटवही मुलाने करायची नाही, घरच्यांनी त्याच्यासाठी करायची. मूल शिक्षणासाठी घराबाहेर पडताना त्याच्या बॅगेत ठेवायची.

आपली सोसायटी २००० साली रजिस्टर झाली. बारावी उत्तीर्ण झालेल्या आपल्या या पाचही मुलांचा जन्म त्यानंतरचा, बहुतेकांचा २००७चा. म्हणजे ही मुलं इथेच रांगली, याच जिन्यात पडली, याच गच्चीवर त्यांनी पतंग उडवले. आता एकजण नागपूरला चाललाय, एकजण सुरतला आणि माझी नात बंगलोरला. आपण सगळे या वयातून गेलो आहोत, त्यामुळे एक गोष्ट आपल्याला माहीत आहे. या वयात घराबाहेर पडलेलं मूल घरी परत येतं, पण सुट्टी मोजून येतं. नोकरी लागली की आणखी मोजून. तेव्हा द्यायचं ते आत्ताच द्यायला हवं. निकाल लागल्यापासून होस्टेलची खोली मिळेपर्यंत दोन महिने हाताशी असतात. तेवढे पुरतात. मी करून पाहिलंय.

पहिला आक्षेप येतो तो हा : 'फोटो सगळे मोबाइलमध्ये आहेत की, वही कशाला?' बरोबर आहे, आहेत. माझ्या मुलाच्या मोबाइलमध्ये चौदा हजार फोटो आहेत. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, म्हणून बँकेच्या भाषेत सांगतो. मोबाइलमध्ये जी आहे ती रोजकीर्द. आला व्यवहार, टाकली नोंद. त्यात वाढदिवसाचा केकही आहे, गॅसच्या सिलिंडरचं बिलही आहे आणि चुकून काढलेला पंख्याचा फोटोही आहे. रोजकीर्दीवरून कोणाचं खातं कळत नाही. त्यासाठी खतावणी करावी लागते. एकेक नोंद उचलून ज्याच्या त्याच्या पानावर न्यावी लागते. चौदा हजारांतून साठ फोटो निवडणं हेच खरं काम आहे. आम्हाला त्याला तीन रविवार लागले, आणि त्या तीन रविवारी घरात जेवढ्या गप्पा झाल्या तेवढ्या गेल्या पाच वर्षांत झाल्या नव्हत्या.

दुसरी गोष्ट, लिहिण्याची. व्हाउचर पास करताना आम्ही रक्कम बघायचो, सही बघायचो, आणि 'कशाबद्दल' हा तपशील बघायचो. तो नसेल तर व्हाउचर परत. कारण रक्कम आणि सही दोन्ही बरोबर असल्या तरी पाच वर्षांनी तो कागद मुका होतो. फोटोचंही तसंच आहे. आपल्या आईच्या ट्रंकेतले जुने फोटो काढून बघा. नऊवारीतल्या चार बायका ओळीने उभ्या असतात, आणि त्या कोण हे सांगणारं आता कोणी उरलेलं नसतं.

म्हणून प्रत्येक फोटोखाली चार गोष्टी लिहा : कोण, कुठे, कधी, आणि फोटोत जे दिसत नाही ते. ही चौथी सगळ्यात महत्त्वाची. माझ्या नातीचा एक फोटो आहे, सहा वर्षांची असतानाचा. नखशिखांत भिजली आहे आणि हसते आहे. त्याखाली 'पावसात मजा' असं लिहिलं असतं तर ते फोटोतही दिसतंच. आम्ही लिहिलं : 'जुलै २०१३. गच्चीवरची टाकी भरून वाहिली ती संध्याकाळ. आई ओरडू नये म्हणून आजीने फ्रॉक आपल्या बाल्कनीत वाळवला आणि इस्त्री करून दिला. आईला हे आज कळतंय.'

आता थोडं सामानाबद्दल. आपण दमट हवेतली माणसं. इथे कागद टिकवायचा तर काही पथ्यं आहेत.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचे कागद रुमालात बांधून ठेवलेले आहेत आणि आजही वाचता येतात. याचं कारण तो कागद हातकागद होता, जुन्नरी, दौलताबादी अशा नावांचा, आणि शाई काजळीची होती. काजळीची शाई उडत नाही. उलट मागच्या महिन्याचं वर्तमानपत्र खिडकीत ठेवून बघा, पिवळं पडलेलं असेल. ते लाकडाच्या लगद्याचं असतं. त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं आणि कागद ठिसूळ होतो. म्हणून पेपरात आलेलं मुलाचं नाव कापून तसंच चिकटवू नका, त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा. वही जाड, पांढऱ्या किंवा फिकट पानांची घ्या. पुण्यात १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, तिथला कापसाच्या चिंध्यांपासून केलेला कागद या कामाला उत्तम. तो नाही मिळाला तर चित्रकलेची जाड पानांची वहीसुद्धा चालते. पानं सुटी करून भर घालता येईल अशी बांधणी असेल तर अधिक बरं, कारण फोटो चिकटवले की वही फुगते.

आपल्यापैकी ज्यांची लग्नं १९८०च्या आसपास झाली, त्यांच्याकडे ते चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा पडदा असलेले अल्बम असतील. त्यातले फोटो आज काढून बघा, पान फाटेल पण फोटो सुटणार नाही. त्यापेक्षा आपल्या वडिलांच्या वेळचे काळ्या पानांचे आणि कागदी कोपऱ्यांचे अल्बम शहाणे. ते कोपरे अजून मिळतात. फोटोला गोंद लागत नाही, हवा तेव्हा काढून परत लावता येतो. सेलोटेप अजिबात वापरू नका; ती पिवळी पडते, सुटते आणि डाग मागे ठेवते. स्टेपलर आणि टाचण्या पावसाळ्यात गंजतात. घरची खळ लावली तर कसर लागते.

फोटोच्या पाठीवर जोर देऊन बॉलपेनने लिहू नका, अक्षरं पुढच्या बाजूला उठतात. हल्लीच्या फोटोंची पाठ गुळगुळीत असते, तिच्यावर शाई लवकर वाळत नाही आणि खालच्या फोटोला लागते. मजकूर वहीच्या पानावरच लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो छापायला देऊ नका, पाठवताना तो बारीक केलेला असतो. ज्याने काढला त्याच्याकडून 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. सिनेमाची तिकिटं, हॉटेलची बिलं, एटीएमच्या पावत्या हा सगळा थर्मल कागद, त्यावरचं छापलेलं वर्षा-दोन वर्षांत उडून कोरी चिठ्ठी हातात राहते. त्यांचीही झेरॉक्सच लावा.

आणि एक ताकीद. मूळ कागदपत्रं या वहीत जाणार नाहीत. मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाइल यांची जागा फाइलमध्ये. त्यांना लॅमिनेशनही करू नका. उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक कागद न फाटता निघत नाही, आणि अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर हमखास वाद होतो. वही झाली की दोन बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या तिच्याबरोबर डब्यात टाका, आणि पावसाळा संपला की एक दिवस पंख्याखाली उघडी ठेवा. उन्हात ठेवू नका, रंग उडतात. आमचा सगळा खर्च फोटो धरून अकराशे रुपयांच्या आत झाला.

फोटो सोडून काय लावावं? दोन उदाहरणं देतो. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर नातीच्या उंचीच्या रेघा होत्या, प्रत्येक वाढदिवसाची एक. घराला रंग द्यायचा होता. रंगाऱ्याला एक दिवस थांबवून आम्ही खाकी कागदाची लांब पट्टी चौकटीवर धरली आणि सगळ्या रेघा तारखांसकट उतरवून घेतल्या. ती पट्टी घडी घालून वहीत आहे. उलगडली की पुन्हा चौकटीएवढी होते.

दुसरं पासबुक. दहाव्या वर्षी तिचं स्वतःच्या सहीचं बचत खातं उघडलं होतं. मूल अठराचं झालं की बँक नव्याने कागदपत्रं आणि नमुन्याची सही मागते. खातं पुढे चालू राहतं, पण ते अज्ञान मुलाचं राहत नाही. नवं पासबुक मिळालं तेव्हा जुनं मी मागून घेतलं. त्यात भाऊबीजेचे शंभर-शंभर रुपये आहेत, स्कॉलरशिपचे आहेत, आणि एके दिवशी काढलेले सातशे रुपये आहेत. ते कशासाठी काढले हे तिने मला आठ वर्षं सांगितलं नव्हतं. आता तिनेच त्या ओळीशेजारी लिहिलंय. काय, ते मी इथे सांगणार नाही. पानाच्या वरच्या बाजूला तिची दहाव्या वर्षीची सही आणि खालच्या बाजूला अठराव्या वर्षीची. पहिल्या सहीत पूर्ण नाव आहे, आडनावासकट, वळणदार अक्षरात. दुसरी एका फटक्यात केलेली.

या मुलांच्या वहीत एक रिकामी जागा येणार आहे, ती लपवू नका. २०२०च्या मार्चमध्ये ही सातवीत होती. वार्षिक परीक्षा झालीच नाही आणि आठवी मोबाइलच्या पडद्यावर गेली. त्या वर्षाचा वर्गाचा फोटो कुणाकडेच नाही. तिथे आम्ही त्या काळात गेटवर लावलेली भाजीच्या ऑर्डरची यादी लावली. ती याच मुलांनी लिहिली होती. वरच्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजींच्या नावापुढे 'कोथिंबीर नक्की' असं लाल अक्षरात आहे.

आता जे सांगतो, ते त्या घराची परवानगी घेऊन सांगतो. आजच्या पाच मुलांपैकी एकाचे वडील २०२१च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत गेले. मुलगा तेव्हा आठवीत होता. गेल्या महिन्यात त्याच्या आई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, 'काका, तुम्ही नातीसाठी वही करताय असं कळलं. मलाही करायची आहे, पण यांचे फोटो फार थोडे आहेत. घरात फोटो काढणारे तेच.' मी विचारलं, त्यांच्या हातचं लिहिलेलं काही आहे का? त्या म्हणाल्या, सह्या आहेत. लिहिलेलं काही नाही, त्यांचं सगळं काम कॉम्प्युटरवर.

मला आपलं प्रोसिडिंग बुक आठवलं. २०११ ते २०१४ ते आपले सेक्रेटरी होते आणि सभेची इतिवृत्तं हाताने लिहीत. कमिटीला रीतसर अर्ज दिला, परवानगी घेतली आणि ती वही काढली. सप्टेंबर २०१२च्या वार्षिक सभेत आयत्या वेळचा विषय म्हणून त्यांनीच एक ठराव मांडलेला आहे : मुलांना खेळायला जागा नाही, सबब रोज संध्याकाळी पाच ते सात पार्किंगमधल्या गाड्या बाहेर लावाव्यात. चर्चा झाली. बाजूने आठ, विरुद्ध तेरा. ठराव नामंजूर. आपला पडलेला ठराव त्यांनी त्याच सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलाय, विरोधकांच्या मुद्द्यांसकट. पुढच्या वर्षीच्या सभेत तोच विषय पुन्हा. बाजूने चौदा, विरुद्ध सात. मंजूर.

त्या दोन पानांची झेरॉक्स त्याच्या आईने डाव्या बाजूला लावली. उजव्या बाजूला मुलांचा क्रिकेट खेळतानाचा फोटो लावला, आपल्या पार्किंगमधला. मुलाने पानं वाचली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'मला वाटायचं संध्याकाळी ती जागा रिकामीच असते.' नंतर त्याने विचारलं, बाकीचं पुस्तक बघायला मिळेल का? सेक्रेटरी साहेबांनी ऑफिसची किल्ली माझ्याकडे दिली. रात्री साडेनऊपर्यंत तो तिथे बसून वाचत होता. पाण्याची टाकी, लिफ्टचं कंत्राट, थकबाकीदारांना नोटिसा, सगळं. मी बाहेरच्या बाकावर होतो.

चिकटवही करायची ती यासाठी. पदकं, ट्रॉफ्या, टक्के मुलाला पाठ असतात, ते त्याला सांगायला नकोत. जागा रिकामी 'असते' असं त्याला वाटतं. ती रोज कोणीतरी रिकामी करत होतं, हे त्याला माहीत नसतं. ते आपल्यालाच माहीत आहे, आणि आपण लिहून ठेवलं नाही तर आपल्याबरोबर जाईल.

पण इथे सांभाळायला हवं. ही वही म्हणजे थकबाकीची नोटीस नव्हे. 'तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं' असा सूर एका ओळीतही येता कामा नये. तशी नोटीस मी नोकरीत पुष्कळ पाठवली आहे. ती मिळालेला माणूस आपल्याला बघून रस्ता बदलतो. आमच्या घरी मी एक नियम केला होता : लिहिणाऱ्याने स्वतःबद्दल लिहायचं नाही, दुसऱ्याने काय केलं ते लिहायचं. फ्रॉकची गोष्ट म्हणूनच आजीने नाही, मी लिहिली. मुलाला विचारल्याशिवाय त्याचा कुठलाही फोटो लावू नका. आपल्याला गोड वाटणारा अंघोळीचा फोटो होस्टेलच्या खोलीत त्याला किती महागात पडेल याचा विचार करा. भावंडांशी तुलना नको. मजकूर टाइप करू नका, अक्षर कसंही असो, हातानेच लिहा. का, ते आत्ताच सांगितलं. आणि शेवटची तिसरा हिस्सा पानं कोरी सोडा. ती तिची आहेत, तिथे आपण उपदेश लिहायचा नाही.

आता माझं शेवटचं सांगणं सगळ्या सभासदांना आहे. आपल्या वॉचमनची मुलगी पुढच्या वर्षी बारावीला बसेल. ती चार वर्षांची असल्यापासून आपल्या आवारात वाढली. तिची वही करायचा आमचा विचार आहे. तिला आणि तिच्या आईला विचारलं, दोघींनी होकार दिला. तिच्या घरी तिचे लहानपणचे फोटो आहेत तीन. पण मी माझ्याकडचे फोटो काढून बसलो तेव्हा त्यांत ती सात ठिकाणी सापडली. गणपतीच्या आरतीत खांबाशेजारी, कोजागिरीला दुधाच्या रांगेत, नातीच्या वाढदिवसाला दारात. प्रत्येक वेळी कडेला, अर्धी.

प्रत्येक घरात असे चार-पाच फोटो निघतील. दिवाळीच्या सुट्टीत जुने अल्बम काढा, मोबाइल चाळा, आणि या वेळी मधल्या माणसांकडे न बघता कडेला बघा. सापडलेल्या फोटोची प्रत काढून मागच्या चिठ्ठीवर तारीख, जागा आणि त्या दिवशी काय चाललं होतं ते लिहा. ऑफिसमध्ये उद्यापासून एक खोका ठेवतो आहोत, त्यात टाका. खोक्यावर तिचं नाव लिहिलेलं असेल.